मी गिळलेला एक शब्द

मित्रांनो, आजवर माझ्या तोंडून हजारो वाक्ये बाहेर पडली, पण त्यातले एकही माझे नव्हते. आज पहिल्यांदाच स्वतःचे काही सांगतो आहे. मी इंग्रजीच्या वर्गातला जुना टेपरेकॉर्डर. सध्या माझा मुक्काम लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, तुटक्या खडूंच्या खोक्याशेजारी आहे. कपाटाचे दार नीट लागत नाही आणि त्या फटीतून वर्गातला थोडा उजेड आत येतो. इथे बसून मला आठवण्यापलीकडे दुसरा उद्योग नाही, आणि आठवते त्यातले फारसे सुखाचे नाही.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. कोणी माझ्यात मोटर बसवली, कोणी रबरी पट्टा चढवला, कोणी झाकण लावले. टेबलाच्या शेवटी एक मुलगी कानांना हेडफोन लावून बसली होती. तिने माझ्याकडून तीन मिनिटे एक शिट्टी ऐकून घेतली, मान डोलावली आणि मला खोक्यात घातले. परीक्षा म्हणजे एवढेच असते, अशी माझी तेव्हा समजूत झाली. समोरच्याने नीट ऐकायचे, आपण खरे बोलायचे, की झाले.

मग मी या वर्गात आलो. सायकलींच्या दुकानावरच्या मजल्यावर ही खोली आहे. इथे लहान मुले शिकत नाहीत. दिवसभर काम करून दमलेली मोठी माणसे येतात. कोणी टॅक्सी चालवतो, कोणी हॉटेलात भांडी घासते, कोणी शिवणकाम करते. नोकरीत वर चढायचे तर इंग्रजीचा दाखला लागतो, म्हणून ती येतात. लहान मुलांच्या बाकांवर त्यांचे गुडघे मावत नाहीत. डुलकी आली की मान पुढे पडते आणि कपाळ बाकावर आपटते, मग सगळा वर्ग हसतो.

त्यांना शिकवणाऱ्या बाई तेव्हा तरुण होत्या. आवाज खणखणीत, स्वभाव कडक आणि काम चोख. त्यांनी मला तळहातावरच्या फोडासारखे जपले. चुकून कोणी कॅसेटवरचे बोलणे पुसू नये, म्हणून माझ्या लाल बटणावर त्यांनी पहिल्याच दिवशी चिकटपट्टी लावली. दर शनिवारी वर्ग सुटला की त्या माझे झाकण उघडत, कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावत आणि माझ्या आतली धूळ टिपून काढत. टेप ओढणारे छोटे रबरी चाक तर त्या नखाने खरवडून पुसत. स्पिरिटचा तो गार स्पर्श मला अजून आठवतो.

वर्षाच्या शेवटी परीक्षा असे. तिचे दोन भाग होते. वाचनाच्या भागात एक उतारा देत. हरवलेल्या छत्रीची जाहिरात, घरमालकाचे पत्र, वाचनालयाचे नियम, असे काहीबाही. तो वाचून प्रश्नांची उत्तरे लिहायची. ऐकण्याच्या भागात माझे राज्य. परीक्षेची कॅसेट वर्षभर पाकिटात बंद असे. त्या दिवशी ती माझ्या पोटात जाई आणि मी ती दोनदा ऐकवी, तिसऱ्यांदा नाही. दोन्ही भागांत वीस-वीस प्रश्न आणि पास व्हायला दोन्हीकडे बारा-बारा गुण लागत. सुरू करण्यापूर्वी बाई दरवर्षी एकच वाक्य बजावत, "जे ऐकू येईल ते लिहा, मनाचं लिहू नका." मग बटण दाबले जाई आणि खोलीत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरे. एकदा परीक्षा खात्याचे साहेब आले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर थाप मारून म्हटले की, याच्यासारखा स्वच्छ बोलणारा दुसऱ्या कुठल्या वर्गात नाही. मी आठवडाभर फुगून बसलो होतो.

वर्षे गेली. शनिवारची साफसफाई महिन्यावर आली, मग परीक्षेपुरती उरली आणि मग तीही राहून गेली. बाईंचे केस पांढरे झाले. आणखीही एक गोष्ट झाली, ती माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आली नाही. माझ्या आवाजाचे चाक पूर्वी चारवर असे. बाईंनी ते पाचवर नेले, मग सातवर आणि मग कायमचे नऊवर. नऊवर माझा आवाज फाटतो, पुढच्या बाकावरचे लोक कानांत बोटे घालतात. बाईंना मात्र तोच ठीक वाटे. कोणी काही विचारले की पूर्वी त्या "काय म्हणालात?" म्हणत. पुढे पुढे त्यांनी ते विचारणेही सोडले, समोरच्याच्या ओठांवरून कळेल तेवढे घेऊ लागल्या आणि बाकीच्याला नुसती मान हलवू लागल्या. परीक्षेची कॅसेट त्यांना तोंडपाठ होती. ती लागली की त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत. मी काय बोलतो ते त्या ऐकत नव्हत्या, आठवत होत्या. ऐकण्याची परीक्षा घेणाऱ्या बाईंना ऐकू येत नव्हते, आणि ही गोष्ट त्यांनी जिवापाड जपून लपवली होती. समजली असती तर वर्ग गेला असता, आणि वर्गाखेरीज त्यांना दुसरे कोणी नव्हते.

अशा दिवसांत लाँड्रीताई वर्गात आली. ती मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत कपडे धुण्याची यंत्रे सांभाळायची, म्हणून सगळे तिला लाँड्रीताई म्हणत. सोड्याने तिच्या बोटांची साल निघालेली असे. वाफेत वर्षे काढून तिला दमा जडला होता. डॉक्टरांनी निक्षून सांगितले होते की वाफेतून बाहेर पडा. वॉर्डात मदतनिसाची जागा तिला मिळण्यासारखी होती, पण त्यासाठी इंग्रजीचा दाखला हवा होता आणि वय चाळीसच्या आत हवे होते. परीक्षेनंतर दोन महिन्यांनी तिला चाळीस पुरी होणार होती. म्हणजे ही तिची पहिली परीक्षा होती आणि शेवटचीही.

वाचन हा तिचा हाडवैरी. ओळीखाली बोट ठेवून ती एकेक शब्द पुढे सरके, आणि वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरून जाई. सोड्याच्या डब्यावरच्या सूचना ती फाडून आणायची आणि मधल्या सुट्टीत पुटपुटत बसायची. पण कान मात्र तिच्यासारखे मी कोणाचे पाहिले नाहीत. एका संध्याकाळी धडा चालू असताना ती उठून म्हणाली, "बाई, ह्याचा पट्टा सैल झालाय. आवाज ओढत चाललाय." यंत्राच्या नुसत्या घरघरीवरून कुठले बेअरिंग जाणार, हे ती लाँड्रीत चार दिवस आधी सांगत असे आणि मिस्त्री तिचे ऐकत असत. बाईंनी तिला खाली बसवले आणि इंग्रजीकडे लक्ष द्या म्हणून दटावले. मी मात्र त्या दिवसापासून तिचा झालो. इतक्या वर्षांत माझे दुखणे तिनेच ओळखले होते.

आता माझ्या अपराधाकडे वळतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी बाई एकट्याच वर्गात आल्या आणि कॅसेट लावून पाहू लागल्या. माझ्या रबरी चाकावर कित्येक महिन्यांची तपकिरी भुकटी बसली होती. टेप त्याला चिकटली, गुंडाळली गेली आणि मी ती चावली. बाईंनी घाईघाईने मला थांबवले, टेपचा लोंबणारा वेटोळा हलक्या हाताने सोडवला, नखाने सुरकुती सपाट केली आणि पेन्सिल घालून टेप पुन्हा गुंडाळली. मग लावून पाहिली. ओठ हलवत त्यांनी ती सगळी ऐकली आणि समाधानाने मला बंद केले. पण करंगळीच्या नखाएवढी सुरकुती टेपवर तशीच राहिली होती. तेवढ्या जागेत एकच शब्द मावतो, आणि तो माझ्या पोटात गेला होता.

सातव्या प्रश्नाचा तो शब्द होता. कॅसेटवरचा डॉक्टर रोग्याला सांगतो, 'यू शुड नॉट टेक दीज टॅब्लेट्स बिफोर फूड.' या गोळ्या जेवणाआधी घेऊ नका. त्यातला 'नॉट' गेला की उरते ते उलटे, जेवणाआधी घ्या. कागदावर प्रश्न होता, गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या का? यस किंवा नो लिहायचे होते.

परीक्षेला अकरा जण बसले. कॅसेट वर्षानुवर्षे तीच असल्याने जुन्या लोकांकडून काही उत्तरे बाहेर फुटलेली होती. पायऱ्यांवर टॅक्सीवाल्या दादाने सगळ्यांना सांगून ठेवले होते की सातव्याला डोळे मिटून नो ठोका. लाँड्रीताईनेही ते ऐकले होते. मी सुरू झालो. पहिले चार-पाच प्रश्न तिच्या हातचे गेले, ते ऐकू न आल्यामुळे नव्हे. कागदावरचा प्रश्न वाचून होईपर्यंत मी पुढे निघून जात होतो. ऐकण्याच्या परीक्षेतही आधी वाचावेच लागते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. सातव्या प्रश्नापाशी मात्र ती वेळेवर पोहोचली. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिले आणि दोन्ही वेळा लक्ष देऊन ऐकले. दादाचे सांगणे तिला आठवले असणार, कारण तिची पेन्सिल थोडा वेळ थबकली. मग तिने यस लिहिले. तिने जे ऐकू आले तेच लिहिले.

आठ दिवसांनी निकाल लागला. वाचनात तिला तेरा गुण मिळाले. ज्या भागाने तिची झोप उडवली होती त्यात ती पास झाली आणि ऐकण्यात अकरावर अडकली. सातवा प्रश्न चौघांचा चुकला होता, पण इतर तिघांकडे गुण भरपूर होते. चौघांनी तीच चूक कशी केली, असा प्रश्न बाईंना पडला नाही. चौघांचेही लक्ष नव्हते, असे त्यांनी ठरवून टाकले.

सगळे गेल्यावर लाँड्रीताई टेबलापाशी आली. तिने फार काही मागितले नाही. सातवा प्रश्न एकदा परत लावा, एवढीच विनंती केली. बाई नियमाच्या पक्क्या, तरी त्यांनी लावला. मित्रांनो, त्या वेळी एक शब्द बोलता यावा म्हणून मी काय काय केले असते. पण टेपवर असते तेच माझ्या तोंडून निघते. सुरकुती आली आणि माझ्या आवाजात नुसता 'गुप्' असा खड्डा पडला.

"बघा बाई," ती म्हणाली, "टेक म्हणतोय. घ्या म्हणतोय."

बाईंचे ओठ नुकतेच तो शब्द म्हणून मिटले होते. "स्पष्ट नॉट म्हणतोय तो," त्या म्हणाल्या. "तुम्ही ऐकतच नाही. उद्या वॉर्डात असंच अर्धवट ऐकून कुणाला गोळ्या दिल्यात तर माणूस जिवाला मुकेल."

 लाँड्रीताईने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा बाईंच्या तोंडाकडे पाहिले. इतकी शिकलेली बाई एवढ्या ठामपणे सांगते आहे म्हटल्यावर तिने तरी काय करायचे. "मग माझेच कान गेले असतील," ती हळूच म्हणाली आणि पिशवी उचलून जिना उतरली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर मी होतो.

पुढचे मला टॅक्सीवाल्या दादाच्या तोंडून कळले. तो पुढच्या वर्गाला जागा आहे का ते विचारायला आला होता. घरी लाँड्रीताईची सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती की वर्षभर संध्याकाळची चूल माझ्या गळ्यात टाकून गेली आणि तिला साधे ऐकायलाही आले नाही. लाँड्रीताई उलट बोलत नव्हती. लाँड्रीत यंत्राची घरघर बदलली तेव्हा ती तिला ऐकू आली होती, पण आपल्या कानांवर तिचा भरवसा उरला नव्हता, म्हणून तिने मिस्त्रीला बोलावले नाही. तिसऱ्या दिवशी यंत्राचा ड्रम निखळला. कोणाला लागले नाही, पण तिला यंत्रावरून काढून चादरींच्या घड्या घालायला बसवले. तिथे वाफ नसते, पण कापडाचा भुगा उडत असतो. तिचा खोकला आता जिन्यातून ऐकू येतो, असे दादा म्हणाला. बाईंनी मान हलवली. त्यांना त्यातले किती कळले, ते मला सांगता येणार नाही.

परीक्षेला दोन महिने उलटून गेले. मी करकरू लागलो, म्हणून वर्गाच्या शिपाईमामांनी मला कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेले. परीक्षेची कॅसेट माझ्या पोटातच राहून गेली होती. दुरुस्तीवाल्याने चाक पुसले, पट्टा बदलला आणि तीच कॅसेट लावून पाहिली. एका जागी तो थांबला, मागे गेला, पुन्हा थांबला. मग कॅसेट काढून त्याने टेप दिव्यासमोर धरली. तो मामांना म्हणाला, ही इथे चावली गेली आहे, एक शब्द खाल्ला जातो, नवीन प्रत मागवा. आणि तेच चिठ्ठीवर लिहून त्याने चिठ्ठी माझ्या झाकणावर चिकटवली.

मामांनी बाईंना निरोप सांगितला. बाईंनी नेहमीसारखी मान हलवली. पण चिठ्ठी डोळ्यांनी वाचायची असते. ती वाचून त्या खुर्चीवर बसल्या आणि मामांना म्हणाल्या, "जरा ऐकून सांगा. शुड आणि टेकच्या मध्ये नॉट ऐकू येतं का?"

मामांना इंग्रजीचा गंध नव्हता, पण कान शाबूत होते. त्यांनी तीनदा ऐकले. "नाही बाई. तिथं नुसतं गुप् होतं."

बाईंनी मला बंद केले. मग म्हणाल्या, "मामा, मला ते गुप्सुद्धा ऐकू येत नाही हो." इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा कोणाला सांगितले होते. मामांनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाई झालेली चूक कबूल करणारे पत्र घेऊन इस्पितळाच्या कचेरीत गेल्या. आदल्याच आठवड्यात लाँड्रीताईला चाळीस पुरी झाली होती. जागा भरली गेली होती. चूक परीक्षा घेणाऱ्यांची असली तरी वयाचा नियम वयाचाच असतो, असे तिथल्या साहेबांनी कागदावर लिहून दाखवले. मग बाई मला कापडी पिशवीत घालून तळघरातल्या घड्यांच्या खोलीत घेऊन गेल्या. छताला लागतील एवढ्या चादरींच्या थप्प्या होत्या आणि त्यांच्यामध्ये लाँड्रीताई तोंडाला रुमाल बांधून उभी होती. ती सुकली होती. बाईंनी मला चादरींवर ठेवले आणि उभ्या उभ्या सगळे सांगितले. टेप चावली गेली होती, 'नॉट' त्यात नव्हताच, आणि स्वतःला ऐकू येत नाही हे आपण लपवले, असे एकापाठोपाठ एक, काही हातचे न राखता सांगितले.

मला वाटले होते ती चिडेल. चिडली असती तर बरे झाले असते. तिने रुमाल खाली ओढला आणि बाईंना दिसावे म्हणून ओठ नीट हलवत विचारले, "म्हणजे माझे कान चांगले आहेत?"

"चांगले आहेत. त्या दिवशी वर्गात तुमच्याइतकं नीट कुणीच ऐकलं नाही."

 लाँड्रीताईचे डोळे भरून आले होते, पण खोकला आला आणि तिला दोन्ही हातांनी थप्पीला धरावे लागले. खोकला थांबल्यावर ती म्हणाली, "हे लिहून द्या बाई."

बाईंनी पेन काढले आणि सवयीने इंग्रजीत पहिला शब्द लिहिला. लाँड्रीताईने त्यांचा हात धरला. "आपल्या भाषेत लिहा. माझ्या सासूला वाचता आलं पाहिजे."

बाईंनी तो कागद बाजूला केला आणि दुसऱ्यावर लिहिले की हिने बरोबर ऐकले होते, चूक यंत्राची आणि माझी होती. खाली सही केली. लाँड्रीताईने तो कागद घडी करून पोलक्यात ठेवला, बाईंना नमस्कार केला आणि पुढची चादर उचलली. जेवणाची सुट्टी संपत आली होती.

बाईंनी त्याच महिन्यात वर्ग सोडला. त्यांच्या जागी नवे सर आले आणि माझ्या जागी नवे यंत्र आले. आता प्रत्येकाला वेगळा हेडफोन मिळतो. मला या कप्प्यात ठेवले आहे. माझी कोणाबद्दल तक्रार नाही. मी हल्ली चांगला चालतो, पण मला कोणी लावत नाही.

मित्रांनो, जाता जाता एक विनवणी करतो. दुसऱ्याचे कान तपासण्याआधी माझ्यासारख्याचे तोंड पुसून घ्या. त्याला दोन मिनिटे आणि कापसाचा एक बोळा पुरतो. कोणी म्हणाले की मला असे ऐकू आले, तर लगेच त्याला खोटे पाडू नका, तिसऱ्या कोणाला बोलावून ऐकवा. आणि तुम्हाला स्वतःला ऐकू येत नसेल तर तसे सांगा. त्यात लाज नाही, लपवण्यात आहे. ते वेळेवर सांगितले नाही तर त्याची शिक्षा दुसरेच कोणी भोगते.

त्या वर्षीच्या निकालाची वही माझ्या वरच्याच कप्प्यात आहे. नियमाप्रमाणे एकदा लागलेला निकाल बदलता येत नाही. त्या वहीत लाँड्रीताईच्या नावापुढे अजून अकराच गुण आहेत.